बिनभावाचा कापूस

बोरगावच्या पुढे रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागल्या की मी समजते, हंगाम लागला. कापसाच्या गाड्यांवर ताडपत्री कितीही ओढून बांधा, बाभूळ आपला वाटा काढून घेतेच. सोमवारी सकाळी अमरावतीहून अकोल्याला जायचं आणि शनिवारी परत यायचं, असं माझं कैक वर्षं चाललंय. वर्षातलं काय कुठवर आलं हे मला या रस्त्यानेच सांगितलं आहे. सोयाबीन निघालं की धुरळा, तूर फुलली की पिवळी वावरं, आणि दिवाळी सरली की काट्याकाट्याला लागलेले हे पुंजके. बँकेच्या गाडीचा चालक काच वर करायला सांगतो, मी करत नाही. नाकात दोन तंतू गेले म्हणून वऱ्हाडातलं माणूस मरत नाही.

यंदा हंगामाबरोबर वरच्या कार्यालयाचे फोनही सुरू झालेत. ‘मॅडम, व्याजदर उतरलेत, कर्ज वाढवा. गिरण्यांना भेटा, जिनिंगवाल्यांना भेटा, मागायची वाट पाहू नका.’ मी कर्ज विभागात आहे, त्यामुळे असे फोन मलाच येतात. मी ‘हो साहेब’ म्हणते आणि फोन ठेवून हसते. कारण मला काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवतो, जेव्हा याच फोनवरून याच आवाजात याच्या अगदी उलटं सांगितलं जात होतं.

माझा नवरा प्रकाश अमरावतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तो फळ्यावर एक बाण काढतो. बाणाच्या एका टोकाला मुंबई. तिथली सर्वांत वरची बँक बाकी बँकांना ज्या दराने पैसे देते तो रेपो दर. तो वाढला की बँकांचा पैसा महागतो, पैसा महागला की लोक कर्ज कमी उचलतात, कर्ज कमी झालं की खरेदी मंदावते आणि महागाई खाली येते. बाण सरळ आहे, पोरांना परीक्षेत पूर्ण गुण मिळवून देतो. लग्न झालं तेव्हापासून मी त्याला चिडवते की तुझ्या बाणाच्या वाटेत अकोट लागत नाही. तो म्हणतो, अकोट हा अपवाद आहे. मी म्हणते, मग मूर्तिजापूर, दर्यापूर, परतवाडाही अपवादच. एवढे अपवाद झाल्यावर नियमाने थोडी लाज बाळगावी.

तर तो हिवाळा. महागाई साऱ्या जगात भडकली होती, म्हणून मुंबईचंही काही चुकत नव्हतं. दर वाढला, पुन्हा वाढला, आणि मग ‘आता बास’ असं सगळे म्हणत असतानाच पुन्हा वाढला. आमच्या शाखेत त्याचे पडसाद असे उमटले की कुणी लिहून ठेवावेत. एक हायस्कूलचे मास्तर घरकर्जाचा हप्ता वाढला नाही म्हणून खुशीत होते. मी त्यांना संगणक फिरवून दाखवला. हप्ता तोच होता, वर्षं वाढली होती, आणि कर्ज आता त्यांच्या निवृत्तीच्याही पुढे जाऊन थांबत होतं. मास्तर पडद्याकडे पाहत म्हणाले, “म्हणजे मी घरी बसीन अन् हे कामावर राह्यन.” त्याच खुर्चीवर अर्ध्या तासाने एक निवृत्त तलाठी बसले, ठेव मोडून नव्या दराने पुन्हा करायला. त्यांना दर आणखी वाढायला हवे होते. एकाच खुर्चीवर एकाची पाठ वाकते आणि दुसऱ्याची सरळ होते, हे मी रोज पाहते. त्यामुळे दर वाढला हे चांगलं की वाईट, असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारते, कुणाला?

पण त्या हिवाळ्यात खरी गंमत कापसाने केली. आदल्या साली कापसाला असा भाव मिळाला होता की म्हातारी माणसंही ‘असं पाहिलं नव्हतं’ म्हणत होती. तो आकडा लोकांच्या डोक्यात रुतून बसला. नव्या हंगामात सीतादही झालं, म्हणजे पहिल्या वेचणीला दहीभाताचा नैवेद्य झाला, कापूस घरात आला, आणि घरातच राहिला. कुणी विकेना. ‘मागच्या साली किती व्हता?’ एवढं विचारायचं आणि घरी जायचं. ओसरीत कापूस, बैठकीत कापूस, दिवाणाखाली कापूस. अकोटकडच्या एका गावात मी कर्जाच्या तपासणीला गेले तर चहा उभ्यानेच घ्यावा लागला, बसायला जागाच नव्हती. घरातली सगळी जणं अंग खाजवत होती, कारण साठलेल्या कापसात किडा होतो. बाई कपबशी हातात देता देता म्हणाली, “पोरगी रातभर झोपली नाई खाजीनं. पण हे म्हन्तेत, थांब, भाव येऊन राहिला.” भाव जणू एसटीने निघाला होता आणि कुठल्या तरी फाट्यावर पंक्चर झाला होता.

अशा वेळी शालिनीताई तायडेंची गोष्ट माझ्या टेबलावर आली.

शालिनीताई अकोटजवळ एक लहानसं जिनिंग चालवतात. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी विकायच्या, हे जिनिंगचं काम. त्यांचे यजमान मिलिंदभाऊ वीस-एक वर्षं दुसऱ्यांच्या जिनिंगमध्ये मशीनवर होते. मग एक बंद पडलेलं आवार दोघांनी भाड्याने घेतलं. यंत्रं मिलिंदभाऊंची, व्यवहार शालिनीताईंचा. त्यांचे सासरे धम्मदीक्षेनंतर शाळा शिकलेल्या पहिल्या पिढीतले, माझे आजोबाही तसेच, त्यामुळे पहिल्या भेटीत आम्ही कामाआधी गावं आणि पाहुणे जुळवून घेतले. बोलायला त्या अशा की पुण्याच्या माणसाला वाटावं भांडण चाललंय. त्यांचं वर्षभराचं काम बँकेच्या सीसीवर चालायचं. म्हणजे एक मर्यादा ठरलेली, लागेल तसं उचलायचं, रुई विकली की भरायचं. शेतकऱ्याला कापसाचे पैसे द्यायचे, ज्याला आमच्याकडे चुकारा म्हणतात, ते या उचलीतून. दरसाल ती मर्यादा बँकेने नव्याने मंजूर करायची असते. त्या साली ती मंजुरी अडली.

नाही म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, हेच तर दुखणं. वरून पत्र आलं होतं की दर चढते आहेत, कापसाचा भाव भरवशाचा नाही, लहान प्रक्रिया-उद्योगांच्या बाबतीत सावकाश घ्यावं. ‘सावकाश’ हा बँकेतला फार सोयीचा शब्द आहे. त्यात नकाराची जबाबदारी कुणावर येत नाही. तोवर जुनं खातं गोठलेलं. शालिनीताई आठवड्याला एकदा येऊन विचारायच्या आणि मी आठवड्याला एकदा ‘वरून यायचंय’ म्हणायचे. व्याज वाढणार हे त्यांना माहीत होतं, त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. हंगाम मोजून तीन-चार महिन्यांचा. त्यात यंत्रं फिरली नाहीत तर आवाराचं भाडं, माणसं, सगळं अंगावर. ते जिनिंग पुन्हा बंद पडलं असतं, आणि या वेळी उघडायला कुणी आलं नसतं.

डिसेंबरात मी पाहणीला गेले. मनात होतं, रिकामं आवार पाहायला लागणार. फाटकातून आत शिरले तर समोर कापसाचा डोंगर. यंत्रं धडधडत होती, बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

“ताई, हा माल कुठून आणला? उचल तं बंद हाये तुमची,” मी म्हटलं. अशा जागी माझी भाषा आपोआप घरची होते.

“लोकाइचा हाये.”

“लोकाइचा म्हणजे?”

“त्याइच्या घरात जागा नाई, अन् इकाचा नाई. मी म्हटलं, आणून टाका माह्याकडे. भाव आज नका ठरवू. ज्या दिवशी तुमाले वाटन, त्या दिवशी या. त्या दिवसाचा जो भाव, तो तुमचा. चुकारा तिथंच.”

ही काही त्यांनी शोधून काढलेली रीत नव्हती. माल आज टाकायचा आणि भाव नंतर ठरवायचा, हे वऱ्हाडात पूर्वीपासून चालतं, पण ओळखीपाळखीत, दोन-चार गाड्यांपुरतं. शालिनीताईंनी त्यावर अख्खा हंगाम उभा केला होता. आलेल्या कापसाची त्या रोज सरकी काढत होत्या आणि रुई रोज विकत होत्या, एक गाठही थांबवून ठेवत नव्हत्या. भावावर खेळायचं काम शेतकऱ्याचं, त्या म्हणाल्या, आपण मशीन चालवावी; भाव चढला तर वरचा फरक आपल्या अंगावर.

मी त्या डोंगरासमोर उभी राहिले आणि माझी पंचाईत झाली. बँकेचा नियम असा, की ज्या मालाचे पैसे दिलेले नाहीत तो माल कर्जाच्या हिशेबात धरायचा नाही. आणि नियम बरोबर आहे, दुसऱ्याच्या वस्तूवर उसनं कसं देणार? म्हणजे डोळ्यांना डोंगर दिसत होता आणि मला लिहायचं होतं शून्य. बरेचसे लोक अशा वेळी माल स्वतःचाच म्हणून दाखवतात. शालिनीताईंनी तसं केलं असतं तर मला ते शोधायला वेळ लागला असता. त्यांनी पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं होतं.

“मंग बँकेले दाखवाले तुमच्याकडे काय हाये, ताई?” मी विचारलं.

त्यांनी बिलांचा गठ्ठा पुढे केला. मग म्हणाल्या, “इकलेल्या रुईचे पैसे. दक्षिणेतल्या सूतगिरण्याइकडे अडकले. पैले आठ दिवसात द्यायचे, आता महिना-महिना देत नाई. म्हन्तेत, आमची बँक तंग करून राहिली.”

मला त्या धडधडीतही हसू आलं. मुंबईने दर वाढवला, दक्षिणेतल्या बँकेने गिरणीला आवळलं, गिरणीने शालिनीताईंना थांबवलं, आणि इकडून माझ्या बँकेने त्यांना ‘सावकाश’ केलं. दोन्ही बाजूंनी एकच दोरी. पण त्यातूनच वाटही दिसली. माल दुसऱ्याचा असला तरी गिरणीवरची बिलं शालिनीताईंचीच होती, आणि बिलांवर पैसे देता येतात. मी त्याच आठवड्यात तसा नवा प्रस्ताव करून अमरावतीच्या विभागीय कार्यालयाला पाठवला. तिथून काहीच आलं नाही.

शनिवारी घरी हे सगळं सांगितलं तेव्हा प्रकाश खूश झाला. त्याला स्वयंपाकघरात व्याख्यान देण्याची सवय आहे. “बघ, औपचारिक कर्ज आटलं की अनौपचारिक कर्ज वाढतं. आमच्याकडे याला धोरणाची गळती म्हणतात.” मी भाकरी थापत होते. म्हटलं, गळती तुमच्या मुंबईला वाटते. ज्याच्या वावरात ते पाणी जातं त्याच्यासाठी तो पाट असतो. त्याने हे वाक्य पुढे वर्गात वापरलं, मला माहीत आहे, आणि माझं नाव सांगितलं नाही, तेही माहीत आहे. पण जेवताना त्याने एक गोष्ट नेमकी विचारली. “सगळे एकाच दिवशी चुकारा मागायला आले तर?” मी म्हटलं, कशाला येतील, सगळे भावाची वाट पाहताहेत.

संक्रांतीनंतर भाव वाढायचा सोडून उतरायला लागला. तरी लोक थांबले. उतरलेला भाव चढतोच, यावर आमच्या माणसाचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यांना हलवलं ते भावाने नाही. अकोटच्या चहाच्या टपऱ्यांवर कुठून तरी बातमी फुटली की तायडेबाईची सीसी बंद आहे, बँकेने हात वर केले. अर्धी गोष्ट खरी होती म्हणूनच ती पसरली. गुरुवारी शालिनीताईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मोठा, पण वाक्यं तुटक.

“म्याडम, सोमवारी सारे येऊन राहिले. साऱ्याइचा माल गाठी होऊन गेला, वापस द्याले कापूस बी नाई. गिरणीचे पैसे आले नाई. तुमी हो म्हना नाई तं नाई म्हना.”

मी शुक्रवारी अमरावती गाठली आणि विभागीय साहेबांसमोर जाऊन बसले. साहेब पुण्याचे, माणूस सज्जन, फायली वाचणारा. त्यांनी चहा मागवला, दर कसे चढताहेत ते समजावलं, कापसाच्या बाजारातली अनिश्चितता समजावली. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, “साहेब, दर मुंबईने वाढवला. नकार मात्र आपला आपणच वाढवला. मुंबईने पैसा महाग करा म्हटलं, बंद करा असं कुठे म्हटलं? ही बाई महाग पैसा घ्यायला तयार आहे. बिलं खरी आहेत, गिरण्या जुन्या आहेत, माल दुसऱ्याचा आहे हे तिने स्वतः सांगितलं. यापेक्षा चांगली ऋणको मला या जिल्ह्यात दाखवा, मी तिचा प्रस्ताव घेऊन येते.”

साहेब म्हणाले, “तुम्ही फार ठामपणे बोलता.”

“अमरावतीची आहे, साहेब.”

ते हसले नाहीत, पण त्यांनी प्रस्ताव पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. बिलं एकेक करून तपासली, एका गिरणीला स्वतः फोन लावला. दुपारचं जेवण आमच्या दोघांचंही राहिलं. संध्याकाळी सही झाली, मी मागितलं त्यापेक्षा थोडं कमी, चढ्या दराने. जिना उतरताना माझे पाय हलके झाले होते. मी चूक असेन असं मला त्या दिवशी एकदाही वाटलं नाही. उशीर होईल याची मात्र भीती वाटली होती.

सोमवारी मी थेट जिनिंगवर गेले. फाटकाबाहेर मोटारसायकलींची रांग. आत माणसं उभी, कुणी उकिडवी बसलेली, आणि कुणीच बोलत नव्हतं. वऱ्हाडातली एवढी माणसं एका जागी गप्प बसलेली मी मयतीशिवाय पाहिली नव्हती. यंत्रं बंद होती. शालिनीताई कडुनिंबाखाली टेबल टाकून बसल्या होत्या, शेजारी मिलिंदभाऊ. मी जवळ जाऊन एवढंच म्हटलं, “आले. खात्यात पाहा.”

त्यांनी मोबाइल उघडून पाहिलं, पदर खोचला आणि पहिलं नाव पुकारलं. त्या दिवसाचा भाव मोठ्याने सांगितला. समोरच्या माणसाने मान हलवली. त्यांनी रक्कम पाठवली, आणि क्षणभराने त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने संदेश वाचला, शेजाऱ्याला दाखवला, शेजाऱ्याने पुढच्याला. दुसरं नाव, दुसरा फोन. तिसरं. पाच-सहा जणांचं झालं असेल, तेवढ्यात मागे कुणी तरी तंबाखूची पुडी काढली. कुणी तरी कुणाच्या सोयरिकीची चौकशी केली. एक जण उठून मोटारसायकल सावलीत लावून आला. आवारात पुन्हा माणसांचा आवाज झाला.

मग वासुदेवराव टेबलाशी आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, आणि त्यांचा कापूस त्या आवारात सर्वांत जास्त पडला होता. त्यांनी खुर्चीत न बसताच विचारलं, “बाई, पैसा हाये नं?”

“हाये. घ्या, तुमचाच नंबर हाये.”

“हाये तं राहू दे मंग. माहं होळीलोक पाहू.”

“काकाजी, भाव उतरून राहिला. मी सांगतो तुमाले, आजच घ्या. थांबलं तं मले फायदा हाये, तुमाले नाई.”

“उतरते तो चढते बी,” वासुदेवराव म्हणाले आणि टोपी नीट करून चालायला लागले. त्यांच्यामागे आणखी दोघं उठले, मग चौघं. ज्यांना खरंच गरज होती तेवढे थांबले, बाकीचे ‘पैसा हाये’ एवढं पाहून, कापसाचा भाव न ठरवताच, जसे आले तसे गेले. ज्या पैशासाठी मी एक अख्खा दिवस पुण्याच्या माणसाशी झुंजले, त्यातला निम्मा खात्यात तसाच राहिला. होळीला भाव आणखी उतरलेला होता, हे वेगळं सांगायला नको. त्या दिवसाच्या भावाने वासुदेवरावांचा चुकारा झाला आणि त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, कारण थांबायचं त्यांनीच ठरवलं होतं.

आवार रिकामं झाल्यावर मिलिंदभाऊंनी यंत्रं सुरू केली. शालिनीताईंनी कपात चहा ओतला, माझ्यासमोर ठेवला आणि बसल्या. मला वाटलं होतं, आभार मानतील. मी त्यासाठी थोडी तयारही होते, खोटं कशाला बोलू?

“म्याडम,” त्या म्हणाल्या, यंत्रांच्या वरून ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने, “व्याज कितीबी लावा, मी भरीन. पण हो की नाई, ते लवकर सांगत जा. मी या लोकाइले दोन महिने भाव सांगितला नाई, तरी ते माह्या भरोशावर झोपले. तुमी मले दोन महिने काईच सांगितलं नाई, तं आठ दिवसात सारं गाव जागं झालं.”

मी चहा प्यायले. शनिवारी हे वाक्य प्रकाशला जसंच्या तसं सांगितलं, आणि बजावलं की या वेळी वर्गात वापरशील तर बाईचं नाव घेऊन वापर.